टेरी प्रॅचेट यांच्या कादंबऱ्या : हसून झाल्यावर काय उरते?

करवीरवाचक (धागाकर्ता)

कोल्हापुरात आम्ही काही वाचक महिन्यातून एकदा जमतो आणि सर्वांनी वाचलेल्या एका पुस्तकावर बोलतो. सध्या टेरी प्रॅचेट यांच्या कादंबऱ्या सुरू आहेत आणि गटात सरळसरळ दोन तट पडले आहेत. एका बाजूचे म्हणणे असे की, या लेखकाने इतके भरमसाट लिहिले आहे की त्यातले बरेचसे एकदा हसून बाजूला ठेवण्याजोगेच आहे. माझे मत निराळे आहे. प्रॅचेट यांच्या विनोदाच्या मुळाशी राग आहे, माणसाला वस्तूसारखे वापरणाऱ्या प्रत्येकाविषयीचा राग, आणि तो ज्याला एकदा ओळखू आला त्याला ही पुस्तके पुन्हा पुन्हा उघडावीशी वाटतात, असे मला वाटते. यावर येथील जाणकारांची मते हवी आहेत, म्हणून हा धागा.

ज्यांनी काहीच वाचलेले नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. प्रॅचेट यांचा जन्म १९४८ चा. सतराव्या वर्षी शाळा सोडून ते स्थानिक वृत्तपत्रात बातमीदार झाले, पुढे ब्रिटनच्या वीज मंडळात अणुवीज केंद्रांचे प्रसिद्धी अधिकारी होते, आणि १९८७ पासून त्यांनी पूर्ण वेळ लेखनाला दिला. 'डिस्कवर्ल्ड' या त्यांच्या मालिकेत १९८३ च्या 'द कलर ऑफ मॅजिक'पासून २०१५ च्या 'द शेफर्ड्स क्राउन'पर्यंत एकूण ४१ कादंबऱ्या आहेत. हे जग ताटासारखे सपाट आहे, ते चार हत्तींच्या पाठीवर उभे आहे आणि ते हत्ती अवकाशातून पोहत चाललेल्या एका प्रचंड कासवावर उभे आहेत. कूर्म आणि दिग्गज यांच्या कथा ज्यांनी लहानपणी ऐकल्या आहेत त्यांना या जगात शिरताना परकेपणा वाटत नाही, हा आपला एक फायदाच आहे.

पहिल्या दोन पुस्तकांवरून लेखकाची पारख करू नये, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. रिन्सविंड नावाचा पळपुटा जादूगार आणि त्याच्यामागे शेकडो पायांनी धावणारी पेटी यांच्या गमतीत त्या काळच्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांचे विडंबन आहे, आणि विडंबनाला मूळ वस्तूच्या आयुष्याइतकेच आयुष्य असते. 'मॉर्ट' (१९८७) आणि 'गार्ड्स! गार्ड्स!' (१९८९) यांपासून लेखकाची नजर पुस्तकांकडून माणसांकडे वळते. 'कार्पे जुगुलम' (१९९८) मध्ये ग्रॅनी वेदरवॅक्स ही म्हातारी चेटकीण एका तरुण धर्मोपदेशकाला सांगते की, माणसांना वस्तू समजण्यापासूनच सगळ्या पापाची सुरुवात होते. तो बिचारा म्हणतो, याहून वाईट गुन्हे आहेत. ती म्हणते, असतील, पण त्यांची सुरुवात इथेच होते. माझ्या मते उरलेली सगळी मालिका या एका संवादाभोवती लिहिलेली आहे.

दुधाळी

करवीरवाचक सर, आपल्या म्हणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा मला पहारेकऱ्यांच्या कादंबऱ्यांत दिसतो. 'मेन ॲट आर्म्स' (१९९३) मधला बुटांचा हिशेब येथे मांडलाच पाहिजे. सॅम वाइम्स हा अंख-मॉरपॉर्क शहराच्या रात्रपहाऱ्याचा कप्तान आहे. त्याला महिन्याला ३८ डॉलर आणि वर भत्ते मिळतात. उत्तम चामडी बूट ५० डॉलरना पडतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. १० डॉलरचे बूट एखाद-दुसरा हंगाम चालतात आणि मग पुठ्ठ्याचा तळ झिजून त्यांत पाणी शिरते. ज्याच्याकडे एकरकमी ५० डॉलर नाहीत तो दहा वर्षांत बुटांवर १०० डॉलर घालवतो आणि त्याचे पाय तरीही ओलेच राहतात. गरिबी महाग का पडते, हे अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात मी इतके स्वच्छ वाचलेले नाही. २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये गरिबांच्या रोजच्या जिनसांची भाववाढ मोजण्यासाठी जो निर्देशांक मांडला गेला, त्याला वाइम्सच्या बुटांचेच नाव देण्यात आले.

आपल्या चप्पल लाईनमधून चालताना मला हा उतारा हटकून आठवतो. बाभळीची साल आणि हिरडा यांत कमावलेल्या कातड्याची, खिळा न वापरता चामड्याच्या वादीने हाताने शिवलेली चप्पल नीट वापरली तर अनेक वर्षे जाते, आणि तिच्याच शेजारी रेक्झिनची, दिसायला तशीच, एका पावसाळ्यात तोंड उघडणारी जोडी टांगलेली असते. खरी चप्पल शिवणाऱ्या कारागिराच्या पायात प्लास्टिकची स्लीपर मी पुष्कळदा पाहिली आहे. या ठिकाणी प्रॅचेट हसवतात, पण हसवून सोडून देत नाहीत.

याच कादंबरीतील दुसरी गोष्ट कोल्हापूरच्या वाचकाला अधिक जवळची वाटावी. शहराचा शासक वेटिनारी पहाऱ्यात ड्वॉर्फ, ट्रोल अशा आजवर बाहेर ठेवलेल्या जमातींची भरती करण्याचा हुकूम काढतो. जुने शिपाई कुरकुरतात, स्वतः वाइम्सलाही हे पटलेले नसते. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी करवीर संस्थानातील रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा कोणत्या प्रकारची कुरकुर झाली असेल याची कल्पना ज्यांना हा इतिहास ठाऊक आहे त्यांना सहज येईल. योग्यता नसलेल्यांना जागा कशाला, हा प्रश्न त्या कादंबरीतही आहे, आणि प्रॅचेट यांनी त्याला दिलेले उत्तर मला फार मोलाचे वाटते. डेट्रिटस हा ट्रोल मठ्ठ म्हणून प्रसिद्ध आहे. पण ट्रोलचा मेंदू दगडाच्या जातीचा असल्याने तो थंडीत तल्लख चालतो आणि शहराच्या उष्म्यात मंदावतो. त्याच्याबरोबर गस्तीला लावलेला, पिढीजात वैरी असलेला कडी हा ड्वॉर्फ हे ओळखतो आणि त्याच्यासाठी पंखा बसवलेले शिरस्त्राण तयार करतो. अक्कल डेट्रिटसकडे पहिल्यापासून होती. तिला लागणारी हवा शहराने त्याला कधी मिळू दिली नव्हती. आरक्षणाच्या बाजूने मी आजवर ऐकलेल्या युक्तिवादांत हा युक्तिवाद सर्वांत सुंदर आहे, आणि तो एका विनोदी कादंबरीत आहे.

संध्यामठ

गटातील विरोधी तटाचा मी प्रतिनिधी आहे, तेव्हा माझी बाजू मांडतो. वर उल्लेखिलेली पुस्तके चांगली आहेत याविषयी माझा वाद नाही. माझा आक्षेप संख्येला आहे. १९९० या एकाच वर्षात प्रॅचेट यांची पाच पुस्तके आली, त्यांपैकी एक नील गेमन यांच्यासह लिहिलेले होते. इतक्या वेगाने लिहिणाऱ्याला साचे वापरावे लागतात आणि ते साचे वाचकाला दिसू लागतात. 'मूव्हिंग पिक्चर्स' (१९९०) मध्ये चित्रपट आणि 'सोल म्युझिक' (१९९४) मध्ये रॉक संगीत त्या जगात शिरते, साथीसारखे पसरते, सगळ्यांना वेड लावते आणि शेवटी विरून जाते. दोन्हींत मांडणी एकच आहे. एक वाचले की दुसऱ्यात काय होणार, हे निम्म्या पुस्तकातच कळते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. 'इंटरेस्टिंग टाइम्स' (१९९४) मधील पूर्वेचे साम्राज्य चीन आणि जपान यांच्याविषयी पाश्चात्त्यांच्या मनात असलेल्या ठोकळेबाज कल्पनांतून उभे केलेले आहे. जो लेखक माणसाला वस्तू समजू नका म्हणतो, त्याने एका अख्ख्या संस्कृतीला आज्ञाधारकपणाचे चित्र म्हणून वापरावे, हे मला खटकले. आपण स्वतः दीर्घकाळ अशा नजरेचे धनी राहिलो आहोत, त्यामुळे आपल्याला तर ते अधिकच जाणवायला हवे.

तिसरे म्हणजे 'स्नफ' (२०११) आणि 'रेझिंग स्टीम' (२०१३) यांत पात्रे बोलायची थांबून भाषणे देऊ लागतात. पूर्वीचा वेटिनारी दोन शब्द बोलून समोरच्याला घाम फोडत असे. नंतरचा परिच्छेदच्या परिच्छेद बोलतो. लेखकाच्या आजारपणाची मला पूर्ण जाणीव आहे आणि त्यांच्याविषयी आदरही आहे, परंतु वाचकाने पुस्तकाचा न्याय पुस्तकावरूनच केला पाहिजे.

पंचगंगाघाट

एक छोटी नोंद करतो. अंख-मॉरपॉर्कमधून वाहणारी अंख नदी इतकी घाण आहे की तिच्यावरून चालत जाता येते, हा विनोद मालिकेत वारंवार येतो आणि इंग्लंडमधल्या वाचकाला त्यात लंडनच्या जुन्या टेम्सची आठवण येत असेल. उन्हाळ्यात पंचगंगेवर फेस आणि मेलेले मासे पाहिलेल्या माणसाला पहिल्या वाचनात हसू येते आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी ते थांबते. नदीचा हा विनोद पुस्तकागणिक वाढत जातो, पण नदी स्वच्छ करावी असे त्या शहरात कोणालाही वाटत नाही. मला वाटते, लेखकाला तेच दाखवायचे होते.

शेवंता

संध्यामठ यांच्या तिसऱ्या मुद्द्याविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण माझ्या सासऱ्यांना स्मृतिभ्रंश आहे आणि या लेखकाकडे मी त्या वाटेने आले.

डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेट यांनी आपल्याला अल्झायमर्सचा एक दुर्मीळ प्रकार झाल्याचे जाहीर केले. मेंदूच्या मागच्या भागाला होणाऱ्या या विकारात स्मृतीच्या आधी दृष्टीला दिसलेल्याचा अर्थ लावण्याची शक्ती जाते. डोळे शाबूत असतात, पण समोरची अक्षरे आणि वस्तू जागच्या जागी लागत नाहीत. टंकलेखन जमेनासे झाले तेव्हा त्यांनी पुस्तके तोंडी सांगून लिहवून घेतली. २००८ मध्ये त्यांनी या आजारावरील संशोधनासाठी दहा लाख डॉलरची देणगी दिली आणि पुढे दूरचित्रवाणीवर आपला आजार उघडपणे दाखवला. आपल्याकडे अजूनही घरातील माणसाला हा आजार झाला की, 'वय झाले, विसरतात' असे म्हणून विषय बंद केला जातो. नावाजलेला माणूस स्वतःच्या ढळत्या बुद्धीविषयी एवढ्या संतापाने आणि स्पष्टपणे बोलतो, हे पाहून मला सासऱ्यांशी बोलण्याचे बळ आले. अगदी सुरुवातीच्या काळात, जेव्हा त्यांना समजत होते तेव्हा, आम्ही त्यांच्या आजाराविषयी त्यांच्याशीच बोलू शकलो.

म्हणून मला मृत्यूच्या कादंबऱ्या सर्वांत प्रिय आहेत. डिस्कवर्ल्डमध्ये मृत्यू हे पात्र आहे. हातात कोयता, अंगावर काळा झगा, सगळे ठरलेलेच. पण त्याला मांजरे आवडतात, झणझणीत रस्सा आवडतो, आणि माणसे इतके कमी आयुष्य घेऊनही इतकी गुंतागुंत कशी करतात याचे त्याला मनापासून कुतूहल आहे. 'रीपर मॅन' (१९९१) मध्ये विश्वाचा हिशेब ठेवणारे लेखापाल त्याला नोकरीवरून काढतात, कारण त्याला माणसांविषयी आपुलकी वाटू लागलेली असते. त्याच्या वाट्याला थोडे दिवस येतात आणि तो ते एका म्हाताऱ्या बाईच्या शेतावर गडी म्हणून काढतो. एका खेपेत पेंढीभर धान्य कापण्याची ताकद असूनही तो पात्याने एकेक काडी वेगळी कापतो. प्रत्येक काडीकडे स्वतंत्र लक्ष देणारा मृत्यू, ही कल्पना मला कोणत्याही सांत्वनापेक्षा अधिक आधार देते. मरणाच्या दारातले वाचक प्रॅचेट यांना पत्रे लिहून, मृत्यू तुम्ही रंगवला तसा असावा अशी आशा व्यक्त करीत, असे त्यांनी सांगितले आहे. त्या पत्रलेखकांचे मन मला समजते.

आता शेवटच्या पुस्तकांतील भाषणांविषयी. ती भाषणे आहेत, हे मान्य. परंतु वाक्य कागदावर पाहून छाटण्याची सोय ज्याच्या हातून गेली आहे त्याने ते आवाजात सांगितले, तर ते लांबणारच. न्याय करताना हे कारण वगळण्याचे प्रयोजन मला दिसत नाही. 'द शेफर्ड्स क्राउन' प्रसिद्ध झाले ते लेखकाच्या मृत्यूनंतर काही महिन्यांनी, आणि आणखी वेळ मिळता तर त्यांनी त्यावर अधिक हात फिरवला असता, हे त्या पुस्तकाच्या अखेरीस स्पष्ट लिहिलेले आहे.

वरुणतीर्थ

शेवंताताई, आपला प्रतिसाद वाचून बराच वेळ काही लिहिता आले नाही. आपले आभार.

मी जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत शिकवते. मोठ्यांच्या पुस्तकांविषयी वर पुरेसे आले आहे. मला 'द वी फ्री मेन' (२००३) या किशोरांसाठी लिहिलेल्या कादंबरीविषयी सांगायचे आहे, कारण करवीरवाचक यांनी म्हटलेला राग मला याच पुस्तकात सर्वांत शुद्ध रूपात सापडला. टिफनी एकिंग ही मेंढपाळांच्या घरातील नऊ वर्षांची मुलगी आहे. तिच्या गावात एका एकट्या, दात पडलेल्या म्हातारीला लोक चेटकीण ठरवतात, तिचे घर मोडतात, आणि ती थंडीत उघड्यावर मरते. ती चेटकीण आहे असे लोकांना का वाटले, तर गोष्टींतल्या चेटकिणी तशाच दिसतात म्हणून. टिफनी ठरवते की आपण स्वतःच चेटकीण व्हायचे, म्हणजे असे पुन्हा कोणाच्याही बाबतीत घडू द्यायचे नाही.

महाराष्ट्रात २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, आणि तो होण्यासाठी किती वर्षांचा लढा द्यावा लागला हे आपण सारे जाणतो. एखाद्या बाईला करणी करणारी ठरवून गावाने वाळीत टाकणे म्हणजे काय, हे माझ्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागत नाही. मी ही गोष्ट वर्गात मराठीत सांगितली तेव्हा एका मुलीने विचारले, त्या म्हातारीच्या बाजूने एकही माणूस का उभा राहिला नाही? पुस्तकातली टिफनीही याच प्रश्नाने अस्वस्थ असते. मेंढपाळ कुटुंबांतून आलेल्या मुलांना तर टिफनीची आजी विशेष भावली, कारण जनावरांच्या दुखण्यावर तिला जे कळते ते ज्ञान आहे, अडाणीपणा नव्हे, हे पुस्तक ठामपणे सांगते.

संध्यामठ यांचा साच्यांविषयीचा आक्षेप मला काही अंशी पटतो. परंतु टिफनीच्या पाच कादंबऱ्यांत तो साचा दिसत नाही, कारण ती प्रत्येक पुस्तकात मोठी होत जाते आणि तिच्यासमोरचे प्रश्नही तिच्या वयाबरोबर वाढतात.

करवीरवाचक

सर्वांचे मनापासून आभार. संध्यामठ, 'इंटरेस्टिंग टाइम्स'विषयी मी आपल्याशी सहमत आहे, आणि त्या कादंबरीचा बचाव करण्याची माझी इच्छा नाही. मात्र तीनच वर्षांनी आलेले 'जिंगो' (१९९७) आपण वाचावे. समुद्रातून एक ओसाड बेट वर येते, त्यावर हक्क सांगण्यासाठी अंख-मॉरपॉर्क आणि वाळवंटातील क्लॅच हे देश युद्धाला उभे राहतात, आणि काल शेजारी असलेल्या क्लॅची दुकानदारांची दुकाने लोक जाळू पाहतात. त्यात परक्याविषयीच्या ठोकळेबाज कल्पना कशा तयार होतात आणि युद्धासाठी त्यांचा कसा उपयोग केला जातो, हाच विषय आहे. शेवटी वाइम्स शांततेचा भंग केला म्हणून समोरासमोर ठाकलेल्या दोन्ही सैन्यांना अटक करतो. हा प्रसंग विनोदी आहे, पण कायदा सर्वांना सारखा असे म्हणणाऱ्याने ते शेवटपर्यंत नेले तर काय होईल, याचा तो सरळ विचार आहे.

'स्मॉल गॉड्स' (१९९२) चा उल्लेख अजून कोणीच केलेला नाही, याचे आश्चर्य वाटले, कारण माझ्या मते ती मालिकेतील सर्वश्रेष्ठ कादंबरी आहे. ओम हा एका बलाढ्य धर्माचा देव पृथ्वीवर अवतरतो तो एक साधे कासव होऊन, आणि त्याला कळते की लक्षावधी लोक त्याच्या नावाने माथा टेकत असले तरी त्याच्यावर खरी श्रद्धा असलेला माणूस एकच उरला आहे, ब्रुथा नावाचा, वाचता-लिहिता न येणारा एक नवशिका सेवक. बाकी सगळे धर्मपीठाच्या छळाला भिऊन पूजा करीत असतात. श्रद्धेची जागा संस्थेच्या भीतीने घेतलेली असते, आणि हे कोणाच्या लक्षातही आलेले नसते, खुद्द देवाच्यासुद्धा. देव भक्तावाचून दुबळा आहे, ही कल्पना वारकरी परंपरेत वाढलेल्या वाचकाला नवी नाही. आपल्याकडे तर देव भक्तासाठी विटेवर तिष्ठत राहतो. फरक असा की आपल्या संतांनी ती गोष्ट प्रेमाने सांगितली आणि प्रॅचेट यांनी ती देवाला खडसावून सांगितली. ब्रुथा आपल्याच देवाशी करार करू पाहतो, त्याला माणसांची काळजी घ्यायला भाग पाडतो, ती पाने मी कधीही उघडून वाचू शकतो.

विनोदातून समाजाला धारेवर धरण्याची ही रीत मराठी वाचकाला परकी वाटू नये. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी मराठीत विनोदी लेखनाचा पाया घातला तोच मुळी रूढींवर आणि कर्मकांडावर प्रहार करण्यासाठी. नंतरच्या काळात आपल्याला विनोद म्हटला की निर्मळ करमणूक हवीशी झाली, आणि विनोदी लेखकाला गंभीरपणे वाचण्याची सवय आपण गमावली. प्रॅचेट यांच्या बाबतीत इंग्लंडमध्येही पुष्कळ काळ तेच झाले. बीबीसीने २००३ मध्ये वाचकांच्या पसंतीच्या कादंबऱ्यांची यादी केली तेव्हा पहिल्या शंभरांत त्यांची पाच पुस्तके होती, परंतु मोठा साहित्यिक सन्मान त्यांना मिळाला तो 'द अमेझिंग मॉरिस अँड हिज एज्युकेटेड रोडंट्स' या मुलांच्या पुस्तकासाठी मिळालेल्या कार्नेगी पदकाच्या रूपाने.

संध्यामठ

'जिंगो' वाचतो. 'स्मॉल गॉड्स' गटासाठी घ्यावे, यालाही माझी संमती आहे. तरीही संख्येचा मुद्दा मी सोडलेला नाही, आणि तो लेखकालाही कळत असावा असे मला वाटते. आपल्या मृत्यूनंतर अपुरे लेखन नष्ट करावे, अशी त्यांची इच्छा होती; त्याप्रमाणे ऑगस्ट २०१७ मध्ये त्यांच्या संगणकाची हार्ड डिस्क डॉर्सेटमधील एका जत्रेत वाफेच्या रोडरोलरखाली चिरडण्यात आली. नावावर पुस्तके खपतात म्हणून काहीही छापू नये, हा विवेक त्यात आहे, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी फार आदर वाटतो. ४१ पैकी माझ्या मते १५ पुस्तके टिकतील. त्या १५ ची यादी मात्र आपल्या प्रत्येकाची वेगळी असणार, हे या धाग्यावरून दिसतेच आहे.

दुधाळी

माझ्या यादीत 'नाइट वॉच' (२००२) सर्वांत वर राहील, परंतु नव्या वाचकाने तिच्यापासून सुरुवात करू नये. वाइम्स तीस वर्षे मागच्या काळात फेकला जातो आणि तरुण वयातील स्वतःलाच चांगला शिपाई व्हायला शिकवतो. हा वाइम्स किती घसरला होता आणि कोठून वर आला, हे 'गार्ड्स! गार्ड्स!' आणि 'मेन ॲट आर्म्स' वाचल्याशिवाय कळत नाही. बाकीच्यांसाठी प्रकाशनक्रम पाळण्याची गरज नाही. पहारेकरी, चेटकिणी, मृत्यू, टिफनी यांपैकी एक ओळ धरावी आणि ती पुरी करावी.

करवीरवाचक

ठरले तर मग. पुढील महिन्यासाठी 'स्मॉल गॉड्स'. ती स्वतंत्र कादंबरी असल्याने आधीचे काही वाचलेले असण्याची आवश्यकता नाही. माझ्याकडे दोन प्रती आहेत. शेवंताताई आणि वरुणतीर्थ यांनी आधी घ्याव्यात, पंचगंगाघाट यांना नंतर देता येईल. बैठक नेहमीप्रमाणे महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी असेल आणि पहिला अर्धा तास संध्यामठ यांच्या आक्षेपांना राखून ठेवला आहे.